एका सेल्फला

वसंतनं निखाऱ्यांचं घमेलं काठीनं टेम्पोच्या पोटाखाली सारलं आणि फरशीवर आडवं होऊन बघितलं. ऑइल चेंबरच्या बरोबर खाली बसलं होतं. डिसेंबरातलं धारवाड, पहाटेचे साडेचार. फरशी बर्फासारखी, गुडघा कुरकुरायला लागला.

कुसुम बंबातल्या कढत पाण्याची बादली घेऊन आली.

"साठी उलटली तुमची, आणि आपल्याच अंगणात चोरासारखं काय चाललंय? सांगून टाका की पोरीला."

"गप. रेडिएटरात ओत. आणि बादली वाजवू नको."

पोरगी म्हणजे सावनी. सहा वर्षांपूर्वी वसंतचं न ऐकता कोर्टात लग्न करून कॅनडाला गेली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. दोघंही एकाच मातीची, आधी कोण बोलणार? मग मागच्या हिवाळ्यात तिचं पार्सल आलं. आत एक हीटर. इंजिनात बसवायचा, रात्री वायर लावून ठेवायची, सकाळी इंजिन कोमट. तिकडे म्हणे त्याशिवाय गाडीच सुरू होत नाही. सोबत चिठ्ठी, चारच शब्द: अप्पा, टेम्पोसाठी पाठवलाय. सावनी.

वसंतनं ती खिशात ठेवली आणि हीटर घेऊन मळमड्डीतल्या प्रभंजन वायरमनकडे गेला. प्रभंजननं उलटसुलट करून बघितला आणि हसायलाच लागला.

"काका, हा तिकडच्या एकशेवीस व्होल्टचा. आपल्या दोनशेतीसला लावा, टेम्पोची शेकोटी होईल!"

पुढच्याच आठवड्यात सावनीचा फोन आला. वसंतच्या तोंडून निघून गेलं, "पोरी, झकास हीटर! एका सेल्फला गाडी सुरू." एकदा बोलला ते बोलला. आता ती काल घरी आली होती, आणि सकाळी टेम्पोतून हुबळीच्या बाजाराला येते म्हणाली होती. म्हणून परवाच त्यानं हीटर बसवून घेतला. वायर खिडकीतून आत नेली आणि टोक कपाटामागं लपवलं.

पाच वाजता सावनी शाल गुंडाळून आली, तोवर घमेलं न्हाणीघरात गेलं होतं. तिनं बॉनेटवर हात ठेवला.

"गरम आहे की, अप्पा."

"मग? तुझा हीटर!"

त्यानं सेल्फ मारला. टेम्पो एका दणक्यात सुरू झाला. कुसुम दारात उभी होती, ती पदरानं तोंड झाकून आत पळाली.

मागं भाजीचे क्रेट, पुढं बापलेक. नवनगर गेलं. वसंत तिकडच्या बर्फाचं विचारत होता, ती सांगत होती. तिथली थंडी ऐकून तो सारखा "अय्यय्यो" करत होता. उणकलच्या तळ्याजवळ धुकं लागलं, तसा त्यानं टेम्पो हळू केला.

"अप्पा," सावनी समोर बघत म्हणाली, "तो हीटर आपल्या करंटवर चालत नाही."

वसंतनं उगीचच वायपर लावला.

"पार्सल पाठवल्यावर डोक्यात आलं. तुम्ही लावाल आणि काहीतरी पेट घेईल, आठवडाभर झोप नाही मला. म्हणून तर फोन केला होता."

"मग सांगितलं नाहीस ते?"

"तुम्ही बोलूच दिलं नाही. फोन उचलला आणि झकास हीटर, झकास हीटर! मला कळलं, लावलेलाच नाही. लावला असता तर जळला असता."

"तरी गप्प बसलीस?"

"पाच वर्षांनी पोरी म्हणालात. त्यात करंटचं कुठं काढू?"

समोरून एक बस दिवे टाकत आली. ती जाईपर्यंत वसंतनं टेम्पो कडेला दाबून धरला. मग खांद्यावरच्या टॉवेलनं आधी काच पुसली, मग तोंड पुसलं.

"आईला माहीत होतं?"

"कालच सांगितलं. ती म्हणाली, करू दे त्यांना, हौसेनं करतायत."

"बघ, घरात सगळे चोर," वसंत म्हणाला आणि गिअर टाकला. थोडं पुढं गेल्यावर त्यानं खाकरून विचारलं, "जावईबापू कधी येणार म्हणालीस?"