छातीवरच्या फुल्या

आमच्या लॉन्ड्रीत डाग दिसला की ताईचा हात आपोआप ब्रशकडे जातो. शाई असो, गंज असो, ती त्याचा पिच्छा पुरवते. गिऱ्हाइकाने "हा काही जायचा नाही" म्हटलं की तिला आणखीच चेव येतो. म्हणून त्या सकाळी तिच्या हातून जे झालं, ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालंच नसतं.

मला फुप्फुसाचा कॅन्सर आहे. एक गाठ छातीत, दुसरी मेली यकृतात जाऊन बसलेली. डॉक्टरीणबाईंनी बेत समजावून सांगितला होता. छातीतल्या गाठीवर किरणांचा मारा करायचा आणि त्याच सुमारास शिरेतून औषध द्यायचं.

"कॅन्सर शरीराच्या पहारेकऱ्यांना गुंगवून ठेवतो," त्या म्हणाल्या. "औषध त्यांना जागं करेल. किरणांनी गाठ फुटली की त्यांना चोराचा चेहरा दिसेल. मग यकृतातला चोरही ते ओळखतील, अशी आशा आहे. खात्री मात्र नाही."

मला ते आवडलं. गोड गोड बोलणारे घरी भरपूर होते.

किरण नेमके बसावेत म्हणून माझ्या छातीवर जांभळ्या शाईने फुल्या काढल्या. त्यांना साबण लावू नका, असं बजावलं. मीही ताईला बजावलं. मग औषधाची पहिली बाटली चढली आणि दुसऱ्या दिवसापासून किरण सुरू व्हायचे होते. औषधाने मी पार गळून गेले होते, म्हणून सकाळी ताईने मला आंघोळ घातली. मी स्टुलावर डोळे मिटून बसले. तिचं तोंड चालू होतं आणि हातही. अंग पुसताना ती एकदम गप्प झाली. मी खाली पाहिलं. छाती लख्ख.

"अगं, मला कळलंच नाही," ती म्हणाली.

हॉस्पिटलात मशीनवरच्या मुलीने मान हलवली. "पुन्हा स्कॅन, पुन्हा मापं. आता नंबर पुढच्या आठवड्यात लागेल."

दादाने आम्हाला गाडीतून आणलं होतं. तो बाकावर टेकला होता, तो उठला. "मी आधीपासून सांगतोय. या वयात एवढे हाल कशाला? हा इशाराच समज. घरी चल, शांतपणे राहा."

शांतपणे मर, असं त्याला म्हणायचं होतं, पण जीभ रेटत नव्हती. भाऊच तो, रडून रडून त्याचेही डोळे सुजले होते. तरी मला त्या 'शांतपणे'चा संताप आला. कॅन्सरचाही इतका कधी आला नव्हता.

"इशारा कसला डोंबलाचा, साबण होता तो," मी म्हणाले. "तुला मला पोचवायची घाई असेल तर तू पुढे हो. मी येत नाही."

ताई भिंतीकडे तोंड करून मुसमुसत होती.

"आणि तू डोळे पूस. उद्यापासून फक्त पाठ घासायची."

मग मी त्या मुलीकडे वळले. "औषध काल अंगात गेलंय, पोरी. पहारेकरी उठून बसलेत आणि चोर दाखवायचा पुढच्या आठवड्यात? कुणाचा नंबर रिकामा झाला तर मला घे. मी इथून हलणार नाही."

आणि बाकावर ठाण मांडलं. पाठ दुखत होती, तोंडाला कोरड पडली होती. भीतीही वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण भीती वाटली म्हणून बाक सोडायचा असं कुठे लिहिलंय?

दुपारी एक पेशंट आला नाही. डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. "चला. स्कॅन आत्ता करू. मापं मी आजच बसवते, किरण उद्या सुरू."

ताईने मला हात देऊन उठवलं. दादा मागोमाग दारापर्यंत आला.

"एक सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शाई पुन्हा जाऊ शकते. त्यापेक्षा सुईने बारीक ठिपके गोंदता येतील. पण ते जन्मभर निघत नाहीत. चालेल?"

"आता कशाला अंगावर कायमचं काही..." दादा बोलता बोलता थांबला.

"जन्मभर ना?" मी विचारलं.

"जन्मभर."

"मग चांगले ठळक काढा. मला ते पुष्कळ वर्षं वापरायचेत."