वाळूची चाळण, मुक्काम खुराडं

मित्रांनो, मी वाळू चाळायची एक जुनी चाळण आहे. चार लाकडी पट्ट्या, मध्ये तारेची जाळी आणि खालच्या कोपऱ्यात एक भोक. भोकाबद्दल मी पुढे सांगणारच आहे. आत्ताच तिकडे बघू नका. सगळे आधी तिकडेच बघतात.

एका सुताराने माझी चौकट ठोकली आणि एका गवंड्याने मला कामाला लावलं. या घराच्या भिंतींतली सगळी वाळू माझ्यातून गेली आहे. बारीक ते जाऊ द्यायचं, जाडं ते अडवायचं, एवढंच माझं शिक्षण. गवंडी म्हणायचा, "गिलावा माझा नाही, या चाळणीचा आहे." शेवटच्या दिवशी त्याचंच फावडं माझ्यात घुसलं. मूठ जाईल एवढं भोक पडलं आणि माझी रवानगी पाण्याच्या टाकीमागे झाली. तिथे मी अकरा वर्षं उभी होते. त्या काळात माझी कदर केली ती फक्त कोळ्यांनी.

घरात माणसं दोनच. एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे हेडसर म्हणतात. दुसरी त्यांची थोरली बहीण आक्का. तिची हयात प्रसूतिगृहात नर्स म्हणून गेली. मागच्या अंगणात चार जुन्या कोंबड्या. त्यातली सगळ्यात दांडगी, तिचं नाव हेडसरांनी मॉनिटर ठेवलं होतं. यंदा आक्काने पाच पिल्लं आणली आणि न्हाणीघरात खोक्यात, बल्बखाली ठेवली. पुढचे सहा आठवडे हेडसर अंगणातल्या नळावर आंघोळ करत होते आणि ते सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं.

पाचातलं एक पिल्लू अगदीच किडकिडीत. त्याचं नाव पावशेर. दुसऱ्या आठवड्यात त्याने मान टाकली, तेव्हा आक्काने त्याला ड्रॉपरने पाणी पाजलं आणि दोन दिवस स्वेटरच्या खिशात घेऊन ती स्वयंपाक करत होती. "वजन कमी भरलं म्हणून मी आजवर एकही मूल सोडलं नाही," ती म्हणायची. ते पिल्लू जगणं हा आता तिच्या अब्रूचा प्रश्न होता.

पिल्लांना पिसं फुटली तशी तिने मला बाहेर काढलं, खुराड्याच्या मधोमध आडवं बसवलं, एका बाजूला बिजागऱ्या, दुसऱ्या बाजूला कडी. अलीकडे पिल्लं, पलीकडे कोंबड्या. "दोन आठवडे नुसतं एकमेकांना बघू देत. मग सोडू. आणि बाळ्या, त्या भोकाला तार मार, कडीला तेल घाल."

"आजच करतो," हेडसर म्हणाले. मित्रांनो, हे वाक्य मी चार दिवस रोज ऐकलं.

पाचव्या दिवशी सकाळी आक्का चष्म्याचा नंबर तपासायला गेली. हेडसर खुराड्यात आले. "एकोणतीस वर्षं नवी मुलं जुन्या वर्गात बसवली आहेत मी," ते मला की कोंबड्यांना म्हणाले, देव जाणे. त्यांनी पाचही पिल्लं पलीकडे नेली आणि ती पळून परत येऊ नयेत म्हणून माझी कडी ठोकून बसवली. मग टाळी वाजवली. "हे आपले नवीन सोबती. ह्यांना सांभाळून घ्यायचं."

मॉनिटरने सांभाळून घेतलं ते थेट पावशेरच्या डोक्यापासून. पिसं उडाली, रक्त आलं. चार पिल्लं हेडसरांच्या धोतरात शिरली.

"शिस्त! शिस्त!" हेडसर ओरडले. मग कडीला झोंबले. कडी ढिम्म हलेना. कशी हलेल? तेल उद्या यायचं होतं!

पावशेर माझ्या कडेकडेने धावत होतं, चोच जाळीवर आपटत. मी काय करणार? मला पाय नाहीत. फक्त कोपरा आहे. तो त्याला सापडला. अंग चोरून ते भोकातून अलीकडे आलं. मागून मॉनिटर आली. डोकं आलं, मान आली, खांदे अडकले. बारीक ते गेलं, जाडं अडलं. अकरा वर्षांनी!

तेवढ्यात आक्का दारात. "बाळ्या! काय केलंस हे?"

"ओळख करून देत होतो, आक्का."

"ओळख? डोकं फुटलंय त्याचं! हो बाजूला!"

तिने पिल्लू उचललं, हळद दाबली, खिशात घातलं. दुपारी हेडसर पक्कड आणि तार घेऊन हजर. जन्मात पहिल्यांदा सांगितलेलं काम करायला आले, तेही चुकीच्या दिवशी.

"भोकाला हात लावशील तर बघ," आक्का म्हणाली. "ते आता पिल्लांचं दार आहे. टोकं तेवढी आत वळव."

वळवली त्यांनी. पुढे तीन आठवडे पिल्लं माझ्यातून ये-जा करत राहिली. मॉनिटर मागे लागली की अलीकडे, कंटाळा आला की पलीकडे. एके दिवशी पावशेर भोकात अडकलं. इतकं जाड झालं होतं. आक्काने त्याला ओढून काढलं आणि पदराने डोळे पुसत हसली. त्या संध्याकाळी ते दांडीवर मॉनिटरच्या शेजारी बसलं. ती कुरकुरली, पण सरकली.

आता सगळ्यांचं खुराडं एकच, मधे कुणी लागत नाही, म्हणून मी पुन्हा टाकीमागे आहे. मित्रांनो, जुनी वस्तू दुरुस्त करण्याआधी तिच्यातून कोण ये-जा करतंय ते बघा. आणि कडीला तेल घाला. माझी अजून तशीच आहे.