तेरा पेट्या

लिफ्टकाकांनी तीस वर्षं उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी आपल्या जुन्या गाडीचं पेट्रोलचं इंजिन उपसून काढलं आणि विजेची मोटर बसवली. मागच्या सीटखाली आठ शिशाच्या बॅटऱ्या. गल्लीत गाडीचं नाव पडलं 'डबी'.

"आवाज करत नाही, सांगितलं तिथे जाते," बायको म्हणायची. "आपल्या घरात असं दुसरं कुणी नाही."

सात वर्षांनी बॅटऱ्या थकल्या. पूर्वी पस्तीस किलोमीटर सहज जाणारी डबी पंधरावरच धापा टाकू लागली. लेक साठ किलोमीटरवर राहायची. तिला आठवा लागला होता आणि ती आईकडे राहायला येणार होती. तिला डबीतूनच आणायचं, हे काकांनी मनात पक्कं धरलं होतं. त्यासाठी लिथियमच्या बॅटऱ्या हव्यात.

गावाबाहेरच्या भंगारवाल्याकडे त्या मिळाल्या. शब्दकोशाएवढ्या जाड चाळीस पेट्या कोपऱ्यात रचलेल्या.

"मागून ठोकलेल्या गाडीतल्या आहेत," भंगारवाला म्हणाला. "पेट्यांना ओरखडासुद्धा नाही, काका."

काकांनी तेरा निवडून आणल्या. घरी टेबलावर एकेकीचं झाकण उघडून पाहिलं. सातव्या पेटीच्या बोल्टच्या आट्यांत राखाडी गाळ होता, आणि आतल्या पत्र्यावर एक सरळ आडवी रेघ. ठोकलेल्या गाडीत गाळ येत नाही. तळमजल्यात पुराचं पाणी शिरलेल्या कितीतरी लिफ्टच्या पॅनेलवर काकांनी ही रेघ पाहिली होती. मनात पाल चुकचुकली. त्यांनी मीटर लावला. तेराही पेट्या अगदी सारख्या. मग त्यांनी स्पिरिट घेतलं आणि फडक्यानं ती रेघ घासून घासून काढली.

"काय पुसताय एवढं?" बायकोनं विचारलं.

"धूळ."

बाकी कामात त्यांनी काडीची कसूर केली नाही. नवा चार्जर घेतला, प्रत्येक पेटीवर नजर ठेवणारं सर्किट बसवलं, धोक्याला वाजणारा बझर लावला. पहिल्याच दिवशी डबी ऐंशी किलोमीटर फिरून आली आणि तरी तिच्यात दम होता. काका भेटेल त्याला सांगत सुटले. ओळखीच्यांना, अनोळखी लोकांना, अगदी केशकर्तनालयात मान खाली घालूनसुद्धा.

दुसऱ्या आठवड्यात सातवी पेटी चार्ज धरण्यात इतरांपेक्षा किंचित मागे पडू लागली. एका सकाळी, गाडी रात्रभर नुसती उभी राहिल्यावर, काकांनी सीटखाली हात घातला. बारा पेट्या थंड होत्या. सातवी मात्र कोमट लागली, कणकण असलेल्या माणसाच्या कपाळासारखी. उन्हामुळे असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ऊन अजून अंगणात आलं नव्हतं.

"गाडीत नेलपॉलिश सांडलंय का?" त्या संध्याकाळी बायको म्हणाली. "गोडसर वास येतोय. आणि आपल्याकडे लावतं कोण?"

काका हसले. लेकीला एकदा घेऊन येऊ, मग सातवी काढून टाकू. एकच तर फेरी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते लेकीकडे पोचले, डबी तिथे चार्जला लावली आणि दुपारी तिला घेऊन निघाले. मागे सगळं सामान, म्हणून ती पुढे बसली होती. अर्ध्या वाटेवर, सिमेंटच्या पाइपांच्या कारखान्यापाशी, बझर एकदा वाजला.

"बाबा, काय वाजलं?"

"काही नाही गं."

समोरच्या छोट्या पडद्यावर सातवीसमोर एकसष्ट अंश दिसत होतं. त्यांनी वेग कमी केला. चौसष्ट. पाय पूर्ण काढून घेतला. सत्तर. तोच वास आता सगळ्या गाडीत भरला.

"उतर," गाडी कडेला घेत ते म्हणाले.

"इथे? मध्येच?"

"उतर म्हणतो ना!"

जन्मात ते तिच्यावर असे ओरडले नव्हते. दंडाला धरून त्यांनी तिला रस्त्याच्या कडेनं चालवत नेलं. तिला भरभर चालवत नव्हतं.

"माझी फाइल आहे हो बॅगेत, डॉक्टरांची..."

"राहू दे. मागे बघू नकोस."

साठेक पावलं झाली असतील. मागे फट् झालं. पांढरा धूर दारांच्या फटींतून खाली सांडून रस्त्यावर सरपटू लागला. मग एकामागून एक फटफट आवाज, आणि सूं करत ज्वाळा काचा फोडून बाहेर आल्या. दहा मिनिटांत डबीचा नुसता सांगाडा उरला.

अग्निशामक दलाचे लोक तासभर पाणी मारत राहिले. त्यांचा अधिकारी काकांना म्हणाला, "हिला काही दिवस घराजवळ आणू नका. विझल्यासारख्या दिसतात या बॅटऱ्या, पण पुन्हा पेटतात."

लेक एका पाइपावर पोट धरून बसली होती. काका जवळ गेले.

"हलतंय," ती म्हणाली.

काका तिच्याशेजारी खाली मातीत बसले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं का?"

नाही म्हणता आलं असतं.

"हो," ते म्हणाले. "एका पेटीवर गाळ होता. मी पुसला."

ती रडली नाही. तिनं नवऱ्याला फोन केला आणि त्याच्याबरोबर परत गेली. बाळंतपण तिकडेच झालं, सुखरूप. आजी जाऊन राहून आली. काकांना येऊ नका असं कुणी म्हणालं नाही, या असंही कुणी म्हणालं नाही.

पण आग लागली त्या दिवसापासूनच एक हिशेब काकांना चैन पडू देत नव्हता. चाळीसातल्या तेरा त्यांच्या. बाकीच्या सत्तावीस? दुसऱ्याच दिवशी ते भंगारवाल्याकडे गेले. कोपरा रिकामा होता.

"सगळा माल उठला की, काका! तुमचीच कृपा. लोक तुमचं नाव सांगत यायचे, तसल्याच पेट्या द्या म्हणून."

कुणी किती नेल्या, ते काकांनी विचारून घेतलं. दहा पेट्या फोटोफ्रेमवाल्यानं नेल्या होत्या, नऊ एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी. आठ पेट्या कुणीतरी टेम्पोतून नेल्या होत्या. कुठल्याशा शाळेत, वीज गेल्यावर दिव्यांना लावायला, एवढंच भंगारवाल्याला आठवत होतं.

जळालेल्या डबीचा फोटो पाहून फ्रेमवाल्यानं मुकाट्यानं पेट्या काढून दिल्या. शिवणकामवाल्या बाई आधी हसल्या. "अहो, मस्त चाललंय की! चार मशीन चालतात त्यावर." पेट्या त्यांच्या पायाशीच, चिंध्यांच्या ढिगाला टेकून होत्या. काकांनी हात लावून पाहिला आणि बाईंना फक्त एवढंच म्हणाले, "मशीनवरच्या या दोघी मुलींना आधी बाहेर पाठवा." त्यांचा चेहरा पाहून बाईंनी लगेच मुलींना बाहेर काढलं.

राहिल्या आठ. काका शाळांमागून शाळा हिंडू लागले. कुठे कारकून दारातूनच सांगायचा, "आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे." कुठे वेडा म्हातारा समजून शिपाई हाताला धरून फाटकाबाहेर सोडायचा. काका दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे आणि बॅटऱ्या ठेवतात ती जिन्याखालची जागा तेवढी दाखवा म्हणायचे.

आगीनंतर बायको त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. एका सकाळी तिनं त्यांच्या हातातली शाळांची यादी घेतली, मधोमध फाडली आणि चपला घातल्या.

"पुलापलीकडच्या मी बघते," ती म्हणाली. "तुम्ही अलीकडच्या बघा."

त्या आठ पेट्या अजून मिळालेल्या नाहीत.