अकराव्या थरातला नर

तुळशीचं पान वेटोळ्याच्या बरोबर मधोमध, आणि कडेनं गंध — ओलं, नुकतंच लावलेलं... उत्तरानं तो जीवाश्म देवघरातून उचलला, उलटा केला. मागे नखाएवढा पांढरा ठिपका असायचा, त्यावर काळ्या शाईतला आकडा. आता काहीच नव्हतं.

“परवा घट बसायचे, म्हणून सगळे देव चिंचेनं घासले,” सासूबाई म्हणाल्या. “याला रंगाऱ्यांचा डाग पडलेला, तोही काढला हो. शाळिग्राम असा टेबलावर, चष्म्याशेजारी ठेवतात का गं?”

शाळिग्राम! कसला शाळिग्राम, कप्पाळ माझं! कच्छमधला, सोळा कोटी वर्षांपूर्वी समुद्रात मेलेला, शंखात राहणाऱ्या प्राण्याचा नर आहे तो, आई... हेही तिनं गिळलं. सव्वीस वर्षं या घरात ती असंच काही ना काही गिळत आली होती. फोटो काढायला म्हणून कॉलेजातून दोन दिवस घरी आणला, हीच चूक. मोठी जात वेगळी, लहान वेगळी, असं पुस्तकं सांगत आलेली. तिचं म्हणणं — मोठी ती मादी, आणि तोंडाशी कानांसारखे दोन पल्ले असलेला लहान तो तिचाच नर. जात एकच, एक नाव खोडा. सहा वर्षं हेच चाललेलं. पुरावा काय, तर दोघं खडकाच्या एकाच थरात सापडले. मादी अकराव्या थरातली. आणि पल्ल्यांसकट शाबूत असलेला हा एकुलता एक नर, त्याचा थर त्याच्या पाठीवर लिहिलेला... चिंचेनं!

“अगं, दगड आहे ना जागेवर?” कल्याणच्या ऑफिसातून तिचा नवरा स्वानंद फोनवर म्हणाला. “मग झालं काय एवढं?”

तिनं फोन आपटला. दगड! थर माहीत नसेल तर दगडच तो, वर्तकनगरच्या रस्त्यावर पडलेल्या खडीइतकाच. यांना सगळ्यांना... एकेकाला उभं करून विचारावंसं वाटलं, माझं काय आहे या घरात जे तुम्ही घासून पुसून ठेवलं नाहीत?

वही! कच्छमधल्या वहीत असणारच. ती धावली, तो सापडला त्या तारखेचं पान काढलं — तेव्हा ऊन उतरलेलं, जीपवाला हॉर्न देत होता; आणि पानावर तिच्याच अक्षरात: लहान, पूर्ण, अप्रतिम!! थर क्रमांकाची जागा कोरी. कॉलेजातल्या पोरांच्या वह्या ज्या एका चुकीसाठी मी भिरकावून दिल्या, तीच चूक. चिकटलेला खडक असता तर त्यावरून तरी थर कळला असता, तोही मीच तासून काढला, फोटो सुंदर यावा म्हणून. राग फिरायला जागा शोधत होता, आणि आता तो तिच्याच अंगावर आला, सासूबाईंवर होता त्याहून दुप्पट.

सासूबाई दारात आल्या. तिचा चेहरा बघून घाबरल्या होत्या. “उत्तरा, चुकलंच गं माझं. पण आकडाच ना? तुला पाठ असेल. लिही परत, कोणाला कळणार आहे?”

“मला आठवतंय, आई,” ती म्हणाली. अकरा. ठिपक्यावर इंग्रजी आकडा लिहिलेला तेही आठवत होतं, दोन उभ्या रेघा... तिनं शाई उघडली, टाक बुडवला. की ते चौदा होतं? नाही, अकराच. अकराच असायला हवं. असायला हवं — हे शब्द तिला स्वतःच्याच आवाजात ऐकू आले, आणि इतका वेळ पक्कं दिसणारं ते अकरा आपण पाहिलं होतं की सहा वर्षं नुसतं मागत होतो, हे तिला सांगता येईना.