हराळी कुणी लावली?

"डोकं ठिकाणावर आहे का गं तुझं?" आईने खुरपं असं आपटलं की बांधावरची पाखरं भुर्रकन उडाली. "जन्म गेला माझा ही हराळी उपटण्यात, आणि तू ती लावायला निघालीस?"

नाकतोडी गोणी पाठीमागे लपवत उभी राहिली. पाय लांब आणि उडी त्याहून लांब, म्हणून गावाने तिला हे नाव ठेवलेलं. गोणीत हराळीच्या काशा होत्या, पेरापेरांची लांब मुळं. आईनेच सकाळी खणून बांधावर वाळत टाकलेल्या.

"शाळेच्या मैदानावर लावायचीय. नुसता मुरूम आहे गं तिथे. उडी मारली की गुडघे सोलून निघतात. हे बघ!"

आईने गुडघे बघितले. चार पाती चुरगाळून तिने रस जखमेवर पिळला, तोही रागारागाने.

"ने. पण वाटेत कुणाच्या शेतात एक काडी जरी सांडलीस, तर लोक माझा उद्धार करतील."

मग नाकतोडीने आणि तिच्यासोबत उडीचा सराव करणाऱ्या पोरींनी अख्ख्या गावाने उपटलेलं तण गोळा करून मैदानावर लावलं. लोक हसले. हसू देत! पावसाने दडी मारली की पाण्याच्या टाकीपासून कळशा वाहून वाहून खांदे दुखले, पण पावसाळा सरेपर्यंत मैदान हिरवंगार झालं. नाकतोडी त्यावर धाडकन पडली आणि हसत उठली. गुडघे शाबूत!

आणि नेमके तेव्हाच खेळाचे सर उगवले, सोबत क्रिकेट संघाचा कप्तान.

"सामना ठरलाय, मधोमध खेळपट्टी होईल. मुलींनी कडेला सराव करायचा."

"कडेला काटे आहेत, सर. आणि हे गवत आम्ही लावलंय!"

"गवत कुणी लावतं का?" कप्तान खिदळला. "ते आपोआप उगवतं."

नाकतोडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी पोरं कुदळी घेऊन उतरली, तशी ती धावत शेतात गेली आणि आईला घेऊन आली. आई पदर खोचून, हातातलं खुरपं तसंच घेऊन तरातरा निघालेली. आता सरांची काही धडगत नाही, असं नाकतोडीला वाटलं.

पण फाटकाशी आई थबकली.

पोरं कुदळीने हराळी तोडत होती. तुकडे तिथेच मातीत मिसळले. वर पाणी मारलं आणि रूळ फिरवला.

"बोल ना काहीतरी!"

आईने तिचं मनगट घट्ट धरलं. चेहरा अजून लाल होता, पण ओठाचा कोपरा हलत होता. "गप. चालू दे त्यांचं."

"म्हणजे तूही त्यांचीच!" नाकतोडी हात सोडवून पळाली. त्या दिवशी ती आईशी बोलली नाही आणि जेवलीही नाही.

सामन्याच्या आधीच खेळपट्टीवर हिरवी लव उठली. तुकड्यातुकड्याला, पेरापेराला कोंब. पोरांनी ओढली, तुटली, दुप्पट आली. पहिलाच चेंडू एका झुबक्यावर आपटून कप्तानाच्या डोक्यावरून गेला, दुसरा थेट नाकावर. पाहुणा संघ पोट धरून हसत परत गेला.

संध्याकाळी सर बांधावर आले. "ताई, ही हराळी जाते कशी हो?"

आईने मान वर केली नाही. "खाली बसून. वाकून. रोज."

"पण किती दिवस?"

"मलाही अजून कळलेलं नाही." मग तिने खुरप्यानेच लेकीकडे खूण केली. "तिला विचारा. लावलीय तिने. मैदान तिचं आहे, मी कशाला सांगू?"

नाकतोडी उभी राहिली. आवाज कापत होता, रागानेच. "सकाळी मैदान आमचं. सगळं. उडीचा खड्डा मधोमध. तुम्ही सकाळी खुरपा, संध्याकाळी खेळा. कबूल असेल तर शिकवते."

सरांनी नाक खाजवलं. "कबूल."

आता सकाळी खेळपट्टीवर पोरं खुरपी घेऊन रांगेत बसतात. नाकतोडी शेजारून वाऱ्यासारखी पळते.

"लांबून पळ की जरा!" कप्तान ओरडतो. "कंबर मोडली इथे माझी. संपतच नाही ही."

"आपोआप उगवते ना रे? मग बघ, आपोआप निघते का!"

आणि ती उडी मारते.