घडा तिसरा

मुख्याध्यापिकांनी शिक्षक-पालकांसाठीचं एक संकेतस्थळ कुठूनसं शोधून काढलं आणि फतवा काढला, दर शनिवारी शाळा सुटली की त्यातला एक व्हिडिओ सगळ्यांनी मिळून बघायचा. तिसरीच्या बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. तीस वर्षं त्या मुलांना वाचायला शिकवत होत्या. आता त्यांना कोण शिकवणार? तरी आल्या. मागच्या बाकावर बसून मांडीवर तपासायच्या वह्या घेतल्या.

विषय होता, मुलं मोठ्याने वाचायला का घाबरतात. पडद्यावर एक तरुण बाई बोलत होती. चेहरा दाखवला नव्हता, नुसते टेबलावर ठेवलेले हात. लहानपणी तिला 'घ' आणि 'ध' यांत फरकच कळायचा नाही. एकदा शिक्षिकेने तिला वर्गासमोर उभं केलं. 'धडा तिसरा'च्या जागी तिने वाचलं, 'घडा तिसरा'. वर्ग हसला. शिक्षिका म्हणाली, पुन्हा वाच. असं नऊ वेळा. नवव्या वेळी तिचा फ्रॉक ओला झाला. पुढे शाळा सोडेपर्यंत तिचं नावच 'घडा' राहिलं.

बाईंचा लाल पेन वहीवर तसाच टेकून राहिला. आवाज त्यांनी पहिल्याच वाक्याला ओळखला होता, पण मन कबूल करत नव्हतं.

"ती शिक्षिका माझी आई होती," पडद्यावरची म्हणाली.

गणिताचे सर चुकचुकले. "आई कसली, वैरीण." बालवाडीच्या ताई म्हणाल्या की अशीला शाळेच्या दारात उभं करू नये. बाईंच्या मांडीवरच्या वह्या घसरून खाली पडल्या. शेजारणीने त्या उचलून दिल्या, बरं नाही का विचारलं. तो दिवस बाईंना चांगला आठवत होता. आपल्या पोरीला सवलत दिली असं कुणी म्हणू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. ओला फ्रॉक मात्र काही केल्या आठवेना.

लेक दोन वर्षांपासून शिक्षणाचं काहीतरी काम करत होती. कॉम्प्युटरवर, एवढंच बाईंना ठाऊक. त्यांनी फोन करून व्हिडिओ बघितल्याचं सांगितलं. उद्या येते, लेक म्हणाली.

रविवारी सकाळी ती आली. चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली. तेच हात.

"तू बघशील असं वाटलं नव्हतं. तू असलं काही बघत नाहीस."

"मला कधी बोलली का नाहीस?"

"बोलायला आले होते. त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत. तू म्हणालीस, शाळेत मला आई म्हणायचं नाही."

नियम बाईंचाच होता, त्याचा त्यांना अभिमानही होता.

व्हिडिओ काढायला सांगू का, लेकीने विचारलं. राहू दे, बाई म्हणाल्या. लेक कप घेऊन मोरीकडे गेली. बाई मागोमाग गेल्या आणि तिच्या पाठीला म्हणाल्या, "चुकलं माझं." लेकीने नळ बंद केला नाही, वळूनही बघितलं नाही. ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. निघताना मात्र तिने आणखी दोन व्हिडिओंची नावं कागदावर लिहून दिली आणि म्हणाली, हेही बघ.

पुढच्या शनिवारी व्हिडिओ सुरू व्हायच्या आत बाई उभ्या राहिल्या.

"मागच्या वेळची ती शिक्षिका म्हणजे मी."

गणिताच्या सरांनी मान खाली घातली. बालवाडीच्या ताई उगाच पदर सारखा करू लागल्या. मुख्याध्यापिका काहीतरी समजुतीचं बोलू पाहत होत्या, तोच बाई म्हणाल्या, "माझ्या वर्गातली चार मुलं वाचायची पाळी आली की पाणी प्यायला जातात. ती तहानलेली असतात असंच मी आजवर समजत होते. लावा व्हिडिओ."