एकच वेणी

पार्लरवालीनं प्रणीच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं, पाठीवरचा केसांचा गुंता मुठीत धरून वर उचलला आणि कुठपर्यंत कापू, असं योगीराजला कन्नडमध्ये विचारलं. त्यानं मानेपाशी हात धरून दाखवलं. प्रणी नऊ वर्षांची. कापायचं तिनंच सुचवलं होतं. पप्पांना वेणी जमत नाही, शाळेत मिस बोलतात, तर कापूनच टाकू, असं आदल्या दिवशी ती मोठ्या बाईसारखं म्हणाली होती. पण आता आरशात योगीराजला तिचे हात दिसले. दाढ काढून घ्यायला बसल्यासारखं तिनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट आवळून धरले होते.

त्यानं पार्लरवालीला जरा थांबायला सांगितलं आणि खाली वाकून विचारलं, "खरं सांग बाळा. कापायचे?"

"आईला आवडायचे," प्रणी आरशाकडे न बघता म्हणाली.

कापड त्यानं स्वतःच सोडवलं.

योगीराज मूळचा निपाणीकडचा. लग्न झाल्यावर बेंगळुरूला आला, विमानतळाची टॅक्सी चालवायला लागला आणि देवनहळ्ळीत किल्ल्याजवळ वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन राहिला. घर सगळं बायकोच्या, रंजिताच्या हातात. तो प्रवासी आणायचा, सोडायचा, घरी येऊन जेवायचा आणि झोपायचा. उन्हाळ्यात रंजिताला ताप आला आणि आठवडाभरातच ती गेली. तेराव्याला तिची थोरली बहीण श्यामला म्हणाली, पोरीला निपाणीला माझ्याकडं ठेव, बाप्या माणसाला पोरीची जात सांभाळणं जमत नाही. ती वाईट बुद्धीनं म्हणाली नव्हती. तिनं दोन मुली वाढवल्या होत्या. योगीराजनं नको म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली की डिसेंबरात आमच्या आसावरीचं लग्न आहे, तेव्हा या, मग बघू.

त्या इरेला पेटून योगीराजनं परत आल्या आल्या प्रणीला सगळंच कबूल केलं. दोन्ही वेळचा स्वयंपाक मी करणार, शाळेत रोज मीच सोडणार, संध्याकाळी अभ्यासाला बसणार, आणि दिवे लागायच्या आत घरात. पहिले चार दिवस त्यानं खरोखर जिवाचं रान केलं. पाचव्या दिवशी डब्यात हॉटेलातली इडली आली. त्यानंतर एका संध्याकाळी हेब्बाळच्या पुलावर गाडी अडकली ती अडकलीच. घरी पोचला तेव्हा प्रणी खालच्या महानंदा अक्कांच्या दारात दप्तर मांडीवर घेऊन पेंगत होती. हळूहळू सगळीच आश्वासनं मागे पडली. ती काही आठवण करून देत नसे, आणि त्याला तेच जास्त लागायचं.

पार्लरमधून परत आलेल्या दोघांना पाहून महानंदा अक्कांनी काय ते ओळखलं. अक्का बेळगावच्या, मुलं मोठी होऊन बाहेर पडलेली, त्या विमानतळाच्या स्वयंपाकघरात पहाटेच्या पाळीला जायच्या. शाळेच्या वेळी त्या घरी असत्या, तर प्रणीच्या वेण्यांचा प्रश्नच आला नसता.

"योगीराज, तू सगळं एकदम करायला बघलास म्हणून सगळं सुटलं बघ," त्या म्हणाल्या. "एकच धर. लहानातलं लहान. पण ते मात्र सोडू नको."

त्यानं केस धरले. त्यातही आधी वेणी नाही, नुसता गुंता. पोरीच्या डोळ्यांत पाणी न येता केस विंचरून होतील, एवढंच पहिलं काम. खालून वर यायचं, मुळाशी एका हातानं धरून ठेवायचं, हे अक्कांनी एका रविवारी दाखवलं. दसऱ्याच्या सुट्टीत रोज सकाळी प्रणी उंबऱ्यावर बसायची आणि तो मागे स्टुलावर. सुट्टी संपता संपता एक दिवस कंगवा वरपासून खालपर्यंत अडखळल्याशिवाय उतरला. "साकु पप्पा, बास झालं की," प्रणी म्हणाली, तरी त्यानं आणखी दोनदा फिरवून पाहिला.

शाळेचा नियम दोन वेण्यांचा होता. योगीराज जाऊन मिसना भेटला. हात मागे बांधून, कन्नडमध्ये त्यानं सांगितलं की सध्या मला एकच वेणी जमेल, दोन जमायला दिवाळी होईल. मिसनी आधी त्याच्याकडे, मग लांब उभ्या असलेल्या प्रणीकडे पाहिलं. सरी, त्या म्हणाल्या, दिवाळीपर्यंत एक चालेल.

विमानतळाबाहेर टॅक्सीवाले पाळीची वाट बघत थांबतात, तिथं त्यानं सीटला नायलॉनच्या तीन दोऱ्या बांधल्या आणि सराव सुरू केला. बाकीच्यांनी चेष्टा केली. मंजुनाथ नावाचा एक ड्रायव्हर मात्र खिडकीत वाकून बराच वेळ बघत राहिला. गावी त्यानं बैलांचे कासरे वळले होते. जो पदर मध्ये आला तो लगेच आवळायचा, सगळे झाल्यावर ओढून उपयोग नाही, एवढं सांगून तो आपल्या गाडीकडे गेला.

पहिली वेणी डाव्या कानाकडे झुकली. शाळेत गेल्याबरोबर पोर ती सोडून टाकणार, अशी योगीराजची खात्री होती. संध्याकाळी ती आली तेव्हा वेणी अर्धी उसवली होती, पण होती. रिबिनीची गाठ सकाळी त्यानं मारली होती तीच होती.

पहाटेची भाडी सगळ्यांत चांगली, विमानं पकडणाऱ्यांची. तीच आता सोडावी लागत होती. शाळेची बस जाईपर्यंत तो फोन बंद ठेवायचा. महिन्याचं गणित ओढाताणीचं झालं, तेव्हा एका सकाळी मोह पडलाच. राजाजीनगरचं लांबचं भाडं होतं. वेळेत परत येऊ, असं त्याला वाटलं. आला नाही. प्रणी रबरबँड लावून शाळेत गेली. संध्याकाळी त्यानं चूक झाली म्हटलं, तेव्हा ती वहीतून डोकं न काढता म्हणाली, "परवागिल्ल."

काही हरकत नाही, असं परक्या माणसाला म्हणावं, तसं ती कन्नडमध्ये म्हणाली होती. घरात दोघं मराठीच बोलायची. योगीराजला वाटलं, ती रडली असती तर बरं झालं असतं. पुन्हा नाही असं होणार, हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं. दुसऱ्या दिवशी ती उठून बाहेर आली तेव्हा तो तेलाची बाटली घेऊन स्टुलावर बसलेला होता. ती थोडा वेळ दारात उभी राहिली आणि मग येऊन बसली. त्यानंतर मात्र एकही सकाळ चुकली नाही.

दिवाळीला दोन वेण्या जमल्या. पण तोवर आणखीही काही जमून आलं होतं, ते त्यानं ठरवलेलं नव्हतं. पाठमोरी बसली की प्रणी बोलायची. समोरासमोर जे तोंडातून निघत नसे, ते ती समोरच्या भिंतीला सांगायची. शाळेतली भांडणं, डब्यातलं काय टाकून दिलं, कोणाच्या घरी मांजर व्याली. एकदा ती म्हणाली, "पप्पा, आईचा आवाज मला आता आठवत नाही."

योगीराजचे हात थांबले. मग त्यानं एक पदर उचलून मध्ये घेतला.

"हाक मारताना ती शेवटी उंच जायची," तो म्हणाला. "प्रणीऽ. मी गाडी लावत असलो तरी खाली ऐकू यायचं."

"तसं परत म्हणा."

त्यानं पुन्हा म्हटलं. आवाज बाप्याचाच निघाला, फाटकाही निघाला. प्रणीनं मान हलवली नाही. ती म्हणाली, "हां. तसंच." आणि दुसऱ्या वेणीसाठी वळून बसली.

डिसेंबरात दोघं निपाणीला गेली. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हळद झाल्यावर श्यामलानं योगीराजला ओसरीवर गाठलं. पोरगी वाळली आहे, असं तिला वाटत होतं. पोरगी आता मोठी होईल, पुढचं तू काय करणार, तिनं विचारलं. "पुढचं मला न्हाई माहीत ताई," तो म्हणाला. "सकाळचं तेवढं माहीत हाय." श्यामलाला हे पटलं नाही. पोरीला इथं ठेवायचं उद्या अक्षता पडल्या की चार माणसांत बोलू, म्हणून ती आत गेली.

लग्नाच्या सकाळी आतल्या खोलीत चटईवर पोरींची रांग बसली होती. बायका भराभर वेण्या घालत होत्या, मोगऱ्याचे गजरे परातीत ठेवले होते. श्यामलानं प्रणीला हाक मारली, ये गं, मावशीकडं बस, तुझ्या आईची वेणी मीच घालायची लहानपणी. प्रणी तिच्याजवळ गेली. तिनं मावशीच्या गळ्यात हात टाकले, पण बसली नाही.

"मावशी, माझी वेणी पप्पा घालत्यात," ती म्हणाली आणि बाहेर पळाली.

योगीराज मांडवात पुरुषांच्या घोळक्यात उभा होता. ती त्याला हाताला धरून घेऊन आली. खोलीच्या दारात तो थबकला. आत सगळ्या बायका. कोणी तोंडाला पदर लावून हसली. परत फिरावं, असं त्याला वाटलं. पण प्रणी आत जाऊन चटईच्या टोकाला पाठ करून बसली होती आणि वाट बघत होती. तो चपला काढून आत गेला, तिच्यामागे गुडघ्यांवर बसला आणि भांग पाडायला लागला. मग सवयीनं पदर एकमेकांवर पडत गेले, एकेक आवळला जात गेला. शेजारच्या एका म्हाताऱ्या मामींनी सरकून त्याच्या गुडघ्यांना जागा करून दिली.

श्यामला उठली. तिनं परातीतला एक गजरा उचलला आणि त्याच्याजवळ येऊन, त्याची दुसरी वेणी पुरी होईपर्यंत, तो ओंजळीत धरून उभी राहिली.